शारदाबाईंची पाच वाक्यं

दुपारी सव्वाबाराला शारदाबाई चौधरींनी इंग्रजीचा गृहपाठ पाठवला, फोन चार्जिंगला लावला आणि कच्ची केळी किसायला त्या गच्चीवर गेल्या. गृहपाठ वर्गाच्या ग्रुपवर जायचा होता. तो गेला 'चौधरी परिवार' या ग्रुपवर, आणि त्यात त्रेचाळीस माणसं होती.

इंग्रजी शिकण्याची गोष्ट त्यांनी घरात कुणालाच सांगितली नव्हती. इंदूरची सहा वर्षांची नात भूमिका व्हिडिओ कॉलवर तोंड उघडलं की इंग्रजीच बोलायची, आणि मग सगळे हसले की शारदाबाईही उगाच हसायच्या. म्हणून बावन्नाव्या वर्षी त्यांनी इतवाऱ्यातल्या तृप्तीच्या वर्गाला नाव घातलं आणि घरी सांगितलं, "भजनाला जाते." त्या आठवड्यात तृप्तीनं भरलेलं, लादलेलं, जड अशा अर्थाचे शब्द शिकवले होते. "काकू, प्रत्येक शब्दाचं स्वतःवर एक वाक्य बनवायचं. स्पेलिंगचं टेन्शन नाही, देवनागरीत लिहा," असं ती म्हणाली होती.

शारदाबाईंनी मन लावून लिहिलं. सकाळी पोहे जरा जास्तच झाले होते, बाजारातून दोन्ही हातांत पिशव्या आणल्या होत्या, आणि उन्हानं डोकं चढलं होतं. तेव्हा:

'आय अ‍ॅम फुल. आय अ‍ॅम लोडेड. आय अ‍ॅम कॅरिंग. माय हेड इज व्हेरी हेवी. आय कॅन नॉट टेक एनी मोअर.'

कपड्याच्या दुकानात त्यांच्या यजमानांना, गजाननरावांना, हा मेसेज दिसला, पण कळला नाही. त्यांनी फोन प्रकाशकडे दिला. प्रकाश दुकानातला सेल्समन, आणि दुकानातला एकमेव बी.ए.

"सेठ," प्रकाश वाचून म्हणाला, "वहिनी फुल आहेत म्हणतात."

"फुल म्हणजे?"

प्रकाशनं अंगठा तोंडाकडे नेऊन दाखवला.

"काही पण काय बोलतो! ती चहा पण अर्धा कप घेते."

तेवढ्यात इंदूरहून मुलाचा, हर्षलचा फोन आला. "पप्पा, मम्मी फोन नहीं उठा रही. तुम्ही काय बोलले का तिला? शेवटचं वाक्य वाचा. 'आता आणखी सहन होत नाही' असं लिहिलंय तिनं!"

गजाननरावांच्या हातातलं कापडाचं ठाण सुटलं. आपण सकाळी काय बोललो, ते आठवू लागले. भाजीत मीठ नाही, एवढंच म्हणालो होतो. पण तेच गेली तीस वर्षं म्हणतोय, हेही त्यांच्या लक्षात आलं.

फोनवरच मागून सुनेचा, पूर्णिमाचा आवाज आला, "पप्पा, कॅरिंग म्हणजे... बाई प्रेग्नंट असली की म्हणतात तसं."

"कोण बाई?"

"मम्मी."

प्रकाशनं त्यांना खुर्ची दिली.

इकडे गजाननरावांचा धाकटा भाऊ ललित याला मेसेजमधला एकच शब्द कळला होता: लोडेड. पिस्तूल लोडेड असतं, हे त्याला ठाऊक होतं. वहिनीकडे पिस्तूल कुठून येणार, हा विचार त्यानं रस्त्यात केला, पण तोवर स्कूटर निघालेली होती. घराचं दार आतून बंद. धडाधडा वाजवलं, उत्तर नाही. मग तो शेजारच्या मनीषाच्या जिन्यानं तिच्या गच्चीवर चढला आणि कठड्याआड बसून ओरडला, "वहिनी! हातात जे असंल ते खाली ठेवा!"

शारदाबाई दचकल्या. हातात किसणी होती, ती त्यांनी खाली ठेवली.

"आता दोन पावलं मागं सरका!"

"भाऊजी, कीस काळा पडंल ना! काय झालं? आणि तुम्ही लपले कायले?"

ललित कठडा ओलांडून आला आणि किसाच्या चादरीवरच पडला. मागोमाग मनीषा आली. तिला पूर्णिमानं फोनवर एक नाजूक काम सांगितलं होतं. ती जवळ आली, शारदाबाईंच्या तोंडाशी नाक नेऊन हुंगली आणि खाली बघत म्हणाली, "नुसती बडीशेप आहे."

शारदाबाई खाली येऊन दार उघडतात, तर दारात गजाननराव, प्रकाश, दुकान बंद का केलं हे विचारत आलेलं एक गिऱ्हाईक, आणि मोटरसायकलवरून उतरणारी इच्छापूरची मोठी नणंद, मालूबाई. मालूबाईंच्या एका हातात देवीचा नारळ, दुसऱ्या हातात तुपाची बरणी.

"शारदे, पायऱ्या नको उतरू!" मालूबाई ओरडल्या. "कितवा महिना?"

"कशाचा?"

"लाजू नको. देवाच्या मनात आलं तं आपण कोन नाही म्हननारे? गज्या, खुर्ची दे तिले."

गजाननराव पुढे आले. सगळ्यांसमोर त्यांनी बायकोचा हात धरला. "काय सहन होत नाही तुला?" त्यांनी विचारलं. "मिठाचं परत कधी बोलणार नाही. शपथ."

तेव्हा कुठे फोन आणला गेला. शारदाबाईंनी मेसेज पाहिला, वर ग्रुपचं नाव पाहिलं आणि पदर तोंडावर घेतला. मग एकेक वाक्य समजावून सांगितलं. फुल म्हणजे पोहे. लोडेड आणि कॅरिंग म्हणजे पिशव्या. हेवी म्हणजे ऊन. आणि शेवटचं तृप्तीनं पाहुण्यांसाठी शिकवलेलं. कुणी आग्रह करून आणखी एक पोळी वाढायला लागलं, की म्हणायचं.

मग गिऱ्हाईकच आधी हसलं. ललित जमिनीवर बसून हसला. मालूबाई मात्र रागावल्या. "वीस किलोमीटर आली मी, रस्त्यात देवीले नवस बोलली!"

"काय बोलल्या?"

"काही बी होवो, माझी शारदा सुखरूप राहू दे. दुसरं काय बोलू?"

शारदाबाईंचं हसू तिथंच थांबलं. ही तीच नणंद, जिनं लग्नात त्यांच्या माहेरहून आलेल्या ताटांना नावं ठेवली होती. नारळ घेऊन ती धापा टाकत आली होती. ललितच्या कोपराला खरचटलं होतं. भर लग्नसराईत दुकानाला कुलूप होतं. हर्षल इंदूरहून इकडे यायला खंडव्याच्या वाटेला लागला होता. त्याला परत फिरवायला पूर्णिमानं तीन फोन केले. तीस वर्षांत या घरात सासऱ्यांचं आजारपण झालं, मुलाच्या परीक्षा झाल्या, दिराचं लग्न झालं. प्रत्येक वेळी सगळे धावले होते आणि त्या धावणाऱ्यांना चहा शारदाबाईंनी केला होता. आज पहिल्यांदा सगळे त्यांच्यासाठी धावले होते.

"रडते कायले?" मालूबाईंनी विचारलं.

"रडत नाही वो बाई. बरं वाटलं." त्या वाकून नणंदेच्या पाया पडल्या. "तुम्ही आल्या, लई बरं वाटलं."

मालूबाईंनी नारळ फोडला, तूप स्वतः कढईत ओतलं आणि शारदाबाईंना स्वयंपाकघरात पाऊल ठेवू दिलं नाही. शिरा जरा लागला, पण सगळ्यांनी खाल्ला. गिऱ्हाइकानं दोनदा घेतला आणि जाताना दोन साड्यांचं नक्की केलं.

पाच वाजता घर रिकामं झालं. शारदाबाई घरापुढच्या ओट्यावर बसल्या. गजाननराव शेजारी येऊन बसले.

"एक विचारू? पोह्यांचं, पिशव्यांचं कळलं मला. पण खरंच... कधी जड होतं का गं तुला?"

शारदाबाई नेहमीचं 'छे' म्हणणार होत्या. पण तो माणूस दुकान बंद करून आला होता. "होतं कधी कधी," त्या म्हणाल्या.

गजाननरावांनी मान हलवली. मग ते उठले, पँट घोट्याच्या वर दुमडली आणि आत गेले. नळ सुरू झाल्याचा आवाज आला. सिंकमध्ये सात-आठ माणसांची भांडी पडली होती. शारदाबाईंनी डोळे मिटले, हात जोडले, कुणाला ते त्यांनाही ठाऊक नव्हतं.

आत काचेचं काहीतरी खळ्ळकन फुटलं.

"काही नाही, काही नाही!" गजाननराव आतून ओरडले. "तू बस!"

आणि शारदाबाई बसून राहिल्या.