मास्तर चावत नाहीत

माणूस ओळखावा तर मी! वाचनालयाच्या टेबलाशी बसून बसून माझी नजर अशी तयार झाली आहे, की दारातून येणारा कादंबरी मागणार की विसरलेली छत्री न्यायला आलाय, हे मी त्याच्या चपलांवरून सांगतो. त्यामुळे आमच्या ग्रंथपाल मॅडम बहिणीकडे गावाला जाताना म्हणाल्या, “शनिवारी मुलांचं वाचन ऐकायला मास्तर येणार आहेत. त्यांच्या बाईंचा फोन येईल. त्या सांगतील तशी तयारी करा,” तेव्हा मी छाती पुढे काढून म्हणालो, “तुम्ही निर्धास्त जा!”

खरं तर या शनिवारात माझाही जीव अडकला होता. माझी भाची, आमची चिमणी, वर्गात मोठ्याने वाचताना अडखळली आणि सगळा वर्ग फिदीफिदी हसला. तेव्हापासून पुस्तक उघडलं की हिचं तोंड बंद! लाडीगोडी झाली, रागावणं झालं, ताई तर रडकुंडीला आली. आता मास्तरच काय तो चमत्कार करतील, म्हणून मी तिला पहिला नंबर देऊन टाकला.

बाईंचा फोन आला.

“मॅडमनी कल्पना दिलीच असेल. आमचे मास्तर म्हणजे...”

“अहो, मास्तर म्हणजे काय हे मला सांगता? मास्तरांचा मार खाऊनच लहानाचा मोठा झालो मी!”

बाईंनी सूचनांची यादीच सुरू केली. “आमचे मास्तर फार शांत आहेत. मूल कितीही चुकलं तरी आवाज काढत नाहीत. आणि चावत नाहीत, हे पालकांना आधीच सांगून ठेवा.”

“चावत नाहीत,” मी घोकलं. आता मास्तरांबद्दल अशी हमी द्यावी लागते, म्हणजे पूर्वी कुठेतरी काहीतरी घडलेलं असणार!

“खुर्ची देऊ नका. एकदा चढले की उतरत नाहीत. सतरंजी घाला. पाणी पसरट भांड्यात ठेवा. आल्या आल्या ते सगळीकडे वास घेतील, घेऊ द्या.”

पुस्तकांचा वास घेणारी माणसं मी रोज बघतो. त्यात काय!

“मुलांनी डोक्यावरून हात फिरवला की खूश होतात. कानामागे खाजवलं तर फारच! बिस्कीट मात्र एकच, तेही वाचन झाल्यावर.”

मधुमेह! बिचारे!

“आणि ओळखायचं कसं?”

“गळ्यात निळा पट्टा असतो.”

म्हणजे मानेचंही दुखणं! एवढ्या व्याधी घेऊन हा माणूस मुलांसाठी धडपडतो! माझे डोळे पाणावले. डोकं मात्र भिंगरीसारखं फिरत होतं. कुणाला विचारावं, तर माझ्या हुशारीची अब्रू जाणार!

शनिवारी मुलं गोल करून बसली. मी पालकांना प्रसन्नपणे सांगितलं, “काळजी करू नका, मास्तर चावत नाहीत.” पालकांनी आपापली मुलं जवळ ओढली.

इतक्यात दार उघडलं. वयस्कर गृहस्थ, चकचकीत टक्कल आणि मानेला डॉक्टरांचा निळा पट्टा! आत येताच नाक वर करून ते म्हणाले, “कसला कुबट वास येतोय इथे?”

वाससुद्धा घेतला! शंकाच मिटली!

“या, या, मास्तर!”

“मी मास्तर नाही. मी नवा...”

“नवे असाल, पण आम्हाला परके नाही!” ते खुर्चीत टेकणार, तोच मी खुर्ची ओढून घेतली. “नको! चढलात की तुम्ही उतरत नाही!”

त्यांना खांद्यांना धरून मी सतरंजीवर उतरवलं. त्यांचे गुडघे गंजलेल्या फाटकासारखे करकरले. पुढ्यात पाण्याची परात सरकवली. ते परातीकडे बघत राहिले. मान वळत नसल्यामुळे मला शोधायला बिचारे बसल्या जागी अख्खेच्या अख्खे फिरत होते.

“मुलांनो, लाजू नका! मास्तरांच्या डोक्यावरून हात फिरवा. कानामागेही चालेल!”

एका धीट पोराने टकलावरून हात फिरवला. “गुळगुळीत आहे!” त्याने जाहीर केलं. मग काय, रांगच लागली!

“अहो, हे काय चाललंय?” गृहस्थ ओरडले.

“अरेच्चा! तुम्ही आवाज काढत नाही, असं बाई म्हणाल्या होत्या!”

“कोण बाई?”

“तुमच्या!”

“माझी बायको तुमच्याशी बोलली?”

“त्यांनीच तर सांगितलं, बिस्कीट एकच द्या म्हणून!”

गृहस्थ एकदम खचले. “बिस्किटांचं तिला कसं कळलं?” ते पुटपुटले.

तेवढ्यात पुन्हा दार उघडलं. धापा टाकत एक तरुण बाई आली आणि तिच्यामागून वासराएवढा तपकिरी कुत्रा. गळ्यात निळा पट्टा!

“उशीर झाला हो! वाटेत मास्तरांना मांजर दिसलं.”

मी कुत्र्याकडे पाहिलं. गृहस्थांकडे पाहिलं. पुन्हा कुत्र्याकडे पाहिलं.

“यांतले मास्तर कोण?”

“हे काय!” बाईंनी कुत्र्याला थोपटलं. “मुलांचं वाचन ऐकायचं शिक्षण दिलंय त्यांना. मुलं अहोजाहो करतात, म्हणून मलाही सवय लागली. मी फोनवर सांगत होते की!”

“मग हे कोण?”

“मी,” सतरंजीवरून आवाज आला, “या वाचनालयाचा नवा अध्यक्ष.”

धरणी दुभंगावी आणि मला पोटात घ्यावं, असं वाटलं! मी अध्यक्षांना उठवायला धावलो, पण कुत्रा आधी पोहोचला. त्याने कपाटं हुंगली, परातीतलं पाणी लपालपा प्यायलं आणि ओली हनुवटी अध्यक्षांच्या मांडीवर टेकवून तो ऐसपैस पसरला.

“आता उठू नका,” बाई कुजबुजल्या. “सुरुवात झाली आहे.”

बघतो तर चिमणी! केव्हा येऊन सतरंजीवर बसली होती कोण जाणे. एक हात कुत्र्याच्या पाठीवर, मांडीवर पुस्तक उघडलेलं.

“को... कोल्ह... कोल्ह्या...”

पुढचा शब्द माझ्या ओठांवर आलाच होता. अध्यक्ष अख्खे माझ्याकडे वळले आणि त्यांनी तोंडावर बोट ठेवलं. मी मुकाट्याने तोंड मिटलं.

कुत्र्याला कसलीच घाई नव्हती. त्याने फक्त एक कान हलवला. चिमणी थांबली, पुन्हा त्याच शब्दाला भिडली. “कोल्ह्याने!” शब्द निघाला! त्याच्यामागून दुसरा, तिसरा. पान संपलं तेव्हा कुत्र्याने लांब उसासा सोडला, आणि पोरीने आपणहून पान उलटलं! दारापाशी ताई तोंडावर हात धरून उभी होती.

वाचन संपल्यावर मास्तरांना एक बिस्कीट मिळालं. अध्यक्ष त्याकडे अशा नजरेने बघत होते, की मी गुपचूप त्यांनाही एक दिलं. मग त्यांना उभं करायला आम्ही सगळे झटलो. आता नोकरी गेली, असं मी धरूनच चाललो होतो. कपडे झटकत ते म्हणाले, “पुढच्या शनिवारी सतरंजी जरा जाड घाला.”

घरी जाताना चिमणी उड्या मारत होती. “मामा, मास्तर किती छान ऐकतात! ते आजोबापण छान ऐकतात!”

“मग आता मला वाचून दाखवशील?”

तिने जरा विचार केला. “तुला नको. तू मधे मधे बोलतोस.”

“मी? मी कधी गं मधे...”

“बघ!” ती म्हणाली.