दत्तूमामांची बोलणी

मस्तगडात आमच्या शेजारी राहणाऱ्या दत्तूमामांनी कुणाचा निरोप जसाच्या तसा कधी पोचवला नाही. तरी सोयरीक असो की बांधाचं भांडण, बोलणी करायला पहिलं बोलावणं त्यांनाच. निजामाचं राज्य होतं. कचेरीत तारखेवर तारीख पडायची, मामा तोंडातला विडा रंगेपर्यंत मिटवायचे. "जल्दी कशाची? बसा तर आधी," असं म्हणून ते सुरुवात करायचे.

माझ्या बहिणीचं वडीगोद्रीला जमत होतं. सगळं जुळलं आणि लग्न कुणाच्या दारात, यावर अडलं. वडील रागानं माजघरात जाऊन बसले, पाहुणे ओसरीवर. मधल्या दारात मी, आणि ये-जा करणारे मामा.

वडील म्हणाले, "सांगा त्यांना, आमची पोरगी आम्हाला जड झाली न्हाई."

मामा ओसरीवर गेले. "ते म्हणून राह्यले, पोरीत लई जीव अडकलाय."

मुलाचे वडील ताडकन उठले. "गाडी जुंपतो म्हणावं. चाललो आम्ही."

मामा आत आले. "पाहुणे म्हणतात, बैलं दमलेत. जेवूनच निघावं."

दारी आलेल्याला उपाशी कसं धाडायचं? वडील पुटपुटले, "मंग वाढा." मामा पुन्हा बाहेर. "जेवल्याबिगर सोडणार न्हाई म्हणतात."

आईनं दोन्हीकडचं ऐकलं होतं. ती पदरात हसू दाबून भाकरी थापायला बसली.

एका पंगतीत राग कितीसा टिकणार? लग्न राजूरच्या गणपतीपुढं करायचं ठरलं. ना त्यांचं दार, ना आमचं.

लग्नानंतर एका दुपारी मी मामांना आहेराचं उपरणं द्यायला गेलो. ते एकटेच जेवायला बसत होते. मामी जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नव्हतं. त्यांनी मलाही वाढलं.

"मामा, इतकं खोटं जमतं कसं?" मी विचारलं.

"खोटं न्हाई, बाबा. रागात माणूस अर्धंच बोलतं. उरलेलं मी बोलतो." मग ताटाकडे बघत म्हणाले, "घरात मात्र बोलणी कुणासंगं करू? मीठ कमी का जास्त, एवढ्यावर भांडायलाबी समोर माणूस लागतं."

मी वरण चाखलं. मीठ बराबर होतं.

"मामा, मीठ कमी पडलंय."

त्यांनी मान वर केली. मांडी सावरून ताठ बसले. "कमी? बिलकुल न्हाई. पुन्हा चाखून बघ."

भाकरी गार झाली, तरी त्या दुपारी मामांनी तडजोड केली नाही.