मिरवणुकीचं शेपूट

आमच्या डोंगरावरचा रस्ता मला डोळे मिटून चालता येतो! हे वाक्य मी इतक्यांदा ऐकवलं, की शेवटी सासरेबुवांनी वैतागून काठी माझ्या हातात दिली.

काठी साधीसुधी नाही बरं का! वर्षभर डोंगर अंगावर कोसळला नाही म्हणून आमचं गाव त्याचे आभार मानायला वाजतगाजत माथ्यावर जातं. सगळ्यांत पुढे काठीवाला. हा मान सासऱ्यांच्या घरचा. त्या वर्षी त्यांच्या गुडघ्यांनी संप केला आणि माझा मेहुणा काठीवर टपूनच बसला होता.

"यंदा जावईबापू नेतील," सासरे म्हणाले. "नीट नेलीत तर काठी कायमची तुमची. घोळ घातलात तर दुसऱ्याची!"

"बाबा, तुम्ही डोलीतून वर जा आणि माथ्यावर खुर्ची टाकून बसा. आलोच मी!"

मिरवणुकीचे नियम दोनच. काठीवाल्याने मागे वळून बघायचं नाही, डोंगराला राग येतो म्हणे. आणि बँड शेवटी, म्हणजे रेंगाळणारे आवाजाबरोबर येतात. रस्ताही सोपा. टेकाडाला वळसा घालायचा, मध्येच डावीकडे पायऱ्या लागतात, त्या चढल्या की माथा.

बाजार ओलांडला आणि धुकं उतरलं. कसलं धुकं! माझ्याच काठीचं टोक मला दिसेना. मी आपला छाती काढून चालतोय, पण पायऱ्या काही येईनात.

"पोस्टमास्तर, पायऱ्या गेल्या का हो?" मी मागे न बघता विचारलं.

"मला काय विचारता? मी तुमच्या पाठीकडे बघून चालतोय!"

तेवढ्यात बँड ऐकू आला. समोरून!

"आपला बँड तर मागे आहे," पोस्टमास्तर म्हणाले. "मग हा कुणाचा?"

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मेहुणा! पठ्ठ्याने दुसरी मिरवणूक काढली आणि माझ्या आधी माथा गाठायला निघाला!

"पाय उचला!" मी ओरडलो. आम्ही भरभर चालू लागलो, तर पुढचा बँडही भरभर! आम्ही धावलो, तर तोही धावायला लागला! "पळा रे, मागून कोणीतरी अंगावर येतंय!" पुढून आरडाओरडा ऐकू आला.

"घाबरले!" मी म्हणालो. "सोडू नका!"

बेकरीवाल्याची चप्पल निसटली. तो लंगडत तसाच पळाला. बऱ्याच वेळाने पुन्हा ओरडला, "अरे, इथे एक चप्पल पडलीय. अगदी माझ्यासारखी!"

"घाला आणि पळा!"

शेवटी धुक्यात एक शाल दिसली. मी झडप घालून ती धरली. "सापडलास चोरा!"

"अहो, शाल सोडा! मी आहे!"

साक्षात आमची ही!

"तू? नवऱ्याला सोडून भावाच्या मिरवणुकीत?"

"कुठला भाऊ? तो वर बाबांजवळ बसलाय! आणि तुम्ही पुढे होतात ना? मागून कसे आलात?"

"मी पुढेच आहे! तू माझ्या मागे आहेस, म्हणजे मी तुझ्या..." माझी जीभ अडखळली. काही म्हणजे काही कळेना!

आणि नेमकं तेव्हाच धुकं फाटलं. माथ्यावर आधीच पोचलेलं उरलेलं गाव ओळीने उभं राहून खाली बघत होतं. खाली आम्ही, टेकाडाभोवती गोल! पोरंटोरं हसून गडाबडा लोळत होती. खुर्चीतले सासरे तेवढे हसत नव्हते.

मान खाली घालून मी वर गेलो. "बाबा, धुकं इतकं..."

"काठी."

मी दिली. मेहुण्याने लगेच हात पुढे केला.

"पायऱ्या कुणाला दिसल्या होत्या?" सासऱ्यांनी विचारलं.

"मला," ही म्हणाली. "प्रत्येक फेरीला दिसल्या. बोंब मारली की मी! पण त्या बँडपुढे कुणाला ऐकू जाणार?"

सासऱ्यांनी काठी लेकीच्या हातात दिली. मेहुण्याचा हात तसाच हवेत. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू! त्याचं तोंड बघून थोडं बरंही वाटलं.

तेव्हापासून ही पुढे असते आणि मी बँडच्याही मागे. या वर्षी निघायच्या वेळी पुन्हा धुकं दाटलं. ही मुद्दाम शेवटपर्यंत चालत आली, माझा मफलर नीट केला आणि चारचौघांत म्हणाली, "अहो, फार मागे राहू नका हं. नाहीतर परत पुढे याल!"