अज्ञानाची वार्षिक तपासणी

मुलांना इंग्रजी यायचे तर शिक्षकाला इंग्रजी येणे पुरेसे नाही. मुलांची भाषा अजिबात न येणे त्याहून आवश्यक आहे, हे शिक्षणशास्त्रातले सत्य आता सर्वमान्य झाले आहे. (दोन्ही भाषा न येणाऱ्यांना थेट मुख्याध्यापक करतात.) परदेशात मी ज्या प्राथमिक शाळेत इंग्रजी शिकवतो, तिच्या फाटकावरच पाटी आहे : 'आमच्या शिक्षकांना येथील भाषेचा एक शब्दही समजत नाही.' ती वाचून पालक प्रवेशासाठी रांगा लावतात.

यामागचा विचार साधा आहे. शिक्षकाला काही कळेनासे झाले, की मूल नाइलाजाने इंग्रजी बोलते. तहान लागो नाहीतर बोट दारात चेमटो, मागणी इंग्रजीत येईपर्यंत शिक्षकाने प्रसन्न चेहऱ्याने उभे राहायचे. या पद्धतीने बरीच मुले पाणी मागायला शिकतात. उरलेली पाणी पिणे सोडतात. निकाल दोन्हीकडून सुधारतो.

माझी अडचण एवढीच, की मला इथली भाषा येते. बायकोच्या नोकरीमागे मी इकडे आलो आणि पहिली काही वर्षे घर सांभाळले. भाजीवालीशी घासाघीस करता करता आणि प्लंबरच्या विनवण्या करता करता भाषा अंगाला चिकटली, ती काही निघेना. आता नोकरीसाठी मी रस्त्यातही अडाणी असतो, कारण भाजी घ्यायला पालकही येतात. (मध्यंतरी झटका येऊन माझी वाचा गेली, असा भाजीवालीचा समज आहे. ती हळहळते आणि एखादा टोमॅटो जास्त घालते.)

मुलांपासून मात्र हे लपले नाही. पहिल्या बाकावर एक चिमणी बसते. पुढचे दात पडलेले, बुटाची नाडी कायम सुटलेली. एकदा मधल्या सुट्टीत ती रडत होती आणि माझ्या तोंडून तिच्या भाषेत निघून गेले, "काय झालं गं?" तिचे रडणे जागच्या जागी थांबले. शाळा सुटेपर्यंत साऱ्या वर्गाला बातमी लागली, पण घरी कोणी अवाक्षर काढले नाही. एवढी गुप्तता मंत्रिमंडळांनाही जमत नाही.

वर्षअखेर शिक्षकाच्या अज्ञानाची तपासणी होते. तपासनीस साहेब वर्गात येऊन इथल्या भाषेत एक विनोद सांगतात. शिक्षक हसला, की त्याची नोकरी संपली. यंदा बायकोची नोकरी आधीच गेली होती, म्हणजे माझीही गेली असती तर आम्हाला गाशा गुंडाळून देशच सोडावा लागला असता. त्यामुळे बायकोने आठवडाभर मला आरशासमोर बसवून सराव करून घेतला.

"मी बोलत असते तेव्हा कसा बसतोस?" ती म्हणाली. "तस्साच राहा."

साहेब आले. विनोद एका न्हाव्याचा होता आणि, सांगायला वाईट वाटते, फक्कड होता. मुले हसून बाकांवर लोळली. मी माझ्या बायकोचे बोलणे ऐकत असल्यासारखा उभा राहिलो. साहेबांनी समाधानाने मान डोलावली.

तेवढ्यात चिमणी उठली. चेहरा पांढराफटक पडला होता. ती आपल्या भाषेत हळूच म्हणाली, "सर, पोटात कसंतरी होतंय."

साहेब माझ्याकडे बघू लागले. मी प्रसन्न. तिने साहेबांकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले, आणि तिच्या सगळे लक्षात आले.

"आय अ‍ॅम फाइन, थँक यू," ती खणखणीत इंग्रजीत म्हणाली आणि साहेबांच्या बुटांवर ओकली.

मला स्वतःची इतकी लाज कधीच वाटली नव्हती. साहेब मात्र गहिवरले. "पूर्ण वाक्य," ते म्हणाले, "आणि तेही अशा प्रसंगी!" माझी नोकरी कायम झाली. शेरा मिळाला : 'अज्ञान निर्दोष.'

नळाखाली तिचे तोंड धुताना मी तिच्या भाषेत म्हणालो, "चुकलो गं मी."

तिने ओठांवर बोट ठेवले. "हळू बोला, सर. ते अजून व्हरांड्यात आहेत."

संध्याकाळी आनंदाची बातमी द्यायला गावी आईला व्हिडिओ कॉल लावला. आईने आमच्या चिरंजीवांना फोनसमोर बसायला लावून एक मराठी विनोद सांगितला आणि डोळ्यांत पाणी येईस्तोवर स्वतःच हसली. चिरंजीव शांत, प्रसन्न. (आम्ही घरीही हीच पद्धत वापरतो.) जो चेहरा मला आठवडाभर आरशासमोर बसून जेमतेम जमला, तो त्याला उपजत साधला होता.

"हसला नाही रे बाळ," आई म्हणाली. "बरं आहे ना त्याला?"

"आय अ‍ॅम फाइन, थँक यू," चिरंजीव म्हणाले.

ही तपासणी वाचकांना घरच्या घरी करता येईल. वरील मजकूर आपल्या मुलानातवंडांना मोठ्याने वाचून दाखवावा आणि त्यांच्या चेहऱ्याकडे पाहावे. मूल हसले तर चिंतेची बाब आहे; ते मागे पडते आहे. प्रसन्नपणे बसून राहिले, तर आपले अभिनंदन. पुढे कधी त्याच्या पोटात कसेतरी झाले, तरी काळजी नसावी. आपण विचारलेत, की ते फाइनच असेल.