शोकाकुल संत लॉरेन्स

"साहेब, वाढदिवस की श्रद्धांजली?" माउसवरचा हात काढून अमीनभाईंनी विचारलं.

कसबा पेठेतल्या त्यांच्या दुकानात नुकतंच फ्लेक्सचं मशीन आलं होतं. पुण्यात माणसाची थोरवी फुटांत मोजायला सुरुवात झाली होती ती याच वर्षांत. समोर बसलेले रंगनाथ ओहोळ बँकेतून निवृत्त झालेले. धायरीतल्या छोट्या चर्चच्या सण समितीत नऊ वर्षं सतरंज्या मोजल्यावर यंदा कुठे ते अध्यक्ष झाले होते. दहा ऑगस्टला संत लॉरेन्सचा सण. मिरवणुकीत संतांच्या पुतळ्यापुढे अध्यक्ष चालतो, हार घालून. त्या वीस मिनिटांसाठी रंगनाथरावांनी नवीन सफारी शिवली होती.

"दोन्ही नाही. संतांचा सण आहे," ते म्हणाले.

"त्या दिवशी जन्मले का?"

"नाही, गेले. हुतात्मा झाले."

"मग श्रद्धांजली."

"अहो, पण आनंदाचा दिवस असतो तो आमच्यात! हुतात्मा स्वर्गात जन्माला येतो त्या दिवशी."

"साहेब, कॉम्प्युटरात डिझाइनं दोनच. गेलेल्या माणसाला मी वाढदिवस लावत नाही." अमीनभाईंनी समोर ठेवलेलं संतांचं चित्र हातात घेतलं. "हातात ही जाळी कसली?"

"त्याच जाळीवर भाजलं त्यांना. राजानं चर्चचा खजिना मागितला, तर यांनी गोरगरिबांना नेऊन उभं केलं, हाच खजिना म्हणाले. आणि भाजताना काय म्हणाले माहितीये? ही बाजू झाली, आता पलटा!"

अमीनभाईंनी चित्र जवळ धरून पुन्हा पाहिलं. एवढं सोसून थट्टा करणारा माणूस त्यांना मनापासून आवडला. रंगनाथरावांनी मात्र तेवढ्यात खिशातून आपला फोटो काढला.

"हा जरा मोठा घ्या. लांबून ओळखू आला पाहिजे. संतांना काय, सगळे ओळखतातच."

नगरला भाचीचा साखरपुडा होता, म्हणून मेलवर येणारा नमुना बघायचं काम रंगनाथरावांनी लेकीवर सोपवलं. पूर्वा हिंजवडीत एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टर होती. दुसऱ्यांच्या चुका शोधायचा तिला पगार मिळे. कंपनीत बाहेरची फाइल उघडत नसे, आणि त्यात अमेरिकेला सॉफ्टवेअर पाठवायची, रिलीजची तारीख आलेली. तिनं न बघताच 'ओके, अप्रूव्ह्ड' असं कळवून टाकलं आणि ती अमेरिकेच्या चुकांकडे वळली.

अमीनभाईंचा हिशेब चोख होता. मधे मोठा तो गेलेला आणि कोपऱ्यात बारीक ते रडणारे. नऊ तारखेला पहाटे धायरी फाट्यावर दहा फुटी फ्लेक्स लागला. मधोमध हार घातलेले रंगनाथराव, वर 'भावपूर्ण श्रद्धांजली', आणि खाली उजव्या कोपऱ्यात, जाळीसकट, 'शोकाकुल: संत लॉरेन्स'.

त्याच सकाळी दहाच्या सुमारास ओहोळ पतिपत्नी नगरहून परतले. फाट्यावर रिक्षावाल्यानं एकदा फ्लेक्सकडे पाहिलं, एकदा रंगनाथरावांकडे, आणि भाडं न घेताच रिक्षा पिटाळली.

नंदाबाईंनी वर पाहिलं. "अहो, तुम्ही गेलात," त्या म्हणाल्या. "आणि मला कळवलंही नाहीत."

एकाही माणसानं फोन केला नव्हता. मेलेल्याला फोन कोण करणार? रंगनाथराव चर्चकडे धावले. आत सभा भरली होती आणि उपाध्यक्षा श्यामलाबाई साळवे माइकवर बोलत होत्या. गेली नऊ वर्षं या बाईंनी त्यांच्या प्रत्येक सूचनेला हरकत घेतली होती.

"असा निःस्वार्थी माणूस पुन्हा होणे नाही," श्यामलाबाई सांगत होत्या. "फोटोची हौस नाही, मानाची हाव नाही."

दाराआड रंगनाथरावांचे डोळे भरून आले. खरं तर तेव्हाच आत जायचं. पण एवढं गोड ऐकायला पुन्हा मरावं लागलं असतं, म्हणून ते थांबले. तिथेच घात झाला.

"त्यांच्या रिकाम्या जागेची जबाबदारी मी जड अंतःकरणाने स्वीकारते."

"मी जिवंत आहे!" रंगनाथराव ओरडले.

दोघीतिघी किंचाळल्या. फादर म्हणाले, "देवाची कृपा!" श्यामलाबाईंनी चष्मा पुसला.

"आनंद आहे. पण ठराव वहीत लिहून झालाय."

"खोडा!"

"त्याला सभा लागते. सभेला सात दिवसांची नोटीस. सण उद्यावर आलाय."

"मग ही सभा नोटिशीशिवाय कशी भरली?"

"ही शोकसभा. तुम्ही तरी कुठे नोटीस दिली होतीत?"

दुसऱ्या दिवशी पुतळ्यापुढे श्यामलाबाई चालल्या. रंगनाथराव नव्या सफारीत बँडच्या मागे होते. मिरवणुकीनंतर गोरगरिबांचं जेवण होतं, आणि पाऊस आला म्हणून कार्यकर्त्यांनी तोच फ्लेक्स पंगतीवर छतासारखा ताणला. छापलेली बाजू खाली. भात वाढून मान वर केली की हारातले रंगनाथराव दिसत. लोक वर बघत होते आणि तोंडाला पदर-रुमाल लावून हसू दाबत होते.

"पलटा तो!" रंगनाथराव दात-ओठ खात म्हणाले. "आधी पलटा!"

"संतसुद्धा हेच म्हणाले होते," श्यामलाबाईंनी आठवण करून दिली. "पण ते हसत म्हणाले होते."

कार्यकर्ते दोऱ्या सोडायला चढले. तेवढ्यात पंगतीतल्या एका म्हातारीनं वर पाहिलं. तिला अक्षरओळख नव्हती. तिनं खरकटा हात बाजूला धरून डावा हात कपाळाला लावला.

"दादा, ह्ये कोनचं संत म्हनायचं? लई मायाळू दिसत्यात."

रंगनाथरावांनी इकडेतिकडे पाहिलं. नंदाबाई वरणाची बादली घेऊन चार पानं पलीकडे होत्या.

"थांबा रे," ते कार्यकर्त्यांना म्हणाले. "राहू द्या तसाच. आजीबाईंचं जेवण होऊ दे."

"आन् कोपऱ्यातला त्यो बारका मानूस? जाळी घेतलेला?"

"तो होय?" रंगनाथराव म्हणाले. "तो आमच्या समितीत असतो."