आप्पांच्या भिंगाचं रबर

सोपानआप्पा पावसात स्वतः भिजत यायचे आणि छत्री कॅमेऱ्यावर धरायचे. "मी काय, वाळलो की झालो पयल्यासारखा. भिंगाचं तसं न्हाई."

दौंडच्या स्टेशन रोडवर माझं घड्याळदुरुस्तीचं दुकान आणि भिंतीला भिंत लागून आप्पांचा फोटो स्टुडिओ. त्यांचा कॅमेरा मोठ्या रिळाचा, एका रिळात बाराच फोटो. लेन्सला ते भिंग म्हणत. भिंगाच्या सांध्यावर सायकलच्या ट्यूबची कडी, तिच्यावर पंक्चरचं सोल्यूशन, वरून प्लास्टिकची पिशवी आणि हे सगळं घरच्या तांदळाच्या डब्यात. एकदा त्यांच्याकडच्या खिचडीत मला लेन्सचं झाकण सापडलं होतं.

पाटसच्या साखर कारखान्याचा हंगाम सुरू झाला की "राख आली" म्हणून शटर अर्धं खाली. कुरकुंभच्या केमिकल कारखान्यांकडून वारा फिरला की पूर्ण खाली. आत गिऱ्हाईक असलं तर तेही कोंडलं जायचं. एक नवरदेव असाच तासभर अडकला आणि वऱ्हाड त्याला स्टेशनवर शोधत बसलं.

दर पंधरा दिवसांनी आप्पा माझ्या दारात. "वॉटरप्रूफ घड्याळाचं एखादं रबरी वायसर हाय का?" मी अगदी कंटाळून गेलो होतो. एवढं जपून फोटो कसे, तर धुरकट. प्रत्येक नवरी दुधात बुडवून काढल्यासारखी. गिऱ्हाइकं हळूहळू समोरच्या कलर लॅबकडे वळली आणि आप्पांच्या दुकानात माशाच उरल्या.

एकदा ते तापानं फणफणले. तशाच अंगानं घोंगडी पांघरून आले आणि भिंग माझ्या टेबलावर ठेवलं. "भायेरचं रबर सुटलंय, तेवढं बसवा. आत बोट घालायचं न्हाई."

मी रबर काढलं. पुढची काच हातानंच फिरून सुटली. पाहतो तर आतल्या बाजूला अंगठ्याचा ठसा. मला हसूच आलं. माणूस जन्मभर बाहेरची धूळ अडवत बसला आणि घाण आत! आप्पांचा धंदा सावरेल, माझीही कटकट मिटेल, अशा विचारानं मी ठसा स्पिरिटनं पुसून टाकला.

ताप उतरल्यावर आप्पा आले. भिंग उजेडात धरलं, तिरकं केलं. पुन्हा तिरकं केलं.

"आतनं पुसलं व्हय?"

"आप्पा, अंगठा उमटला होता आत. म्हणून तर फोटो..."

"ठावं हाय मला." ते स्टुलावर बसले. "तुमच्या वहिनीचा हुता. जायच्या आदल्या म्हयन्यात भिंग खोलून पुसाया घेतलं तिनं, तवा लागला. लई वरडलो तिला. ती गेली, मंग ऱ्हाऊ दिला तसाच."

"वहिनींचे फोटो असतील ना?" मी मूर्खासारखं बोलून गेलो.

"ढीगभर हायेत. पर त्यो तिचा हात हुता."

मला मात्र ते एका शब्दानं ओरडले नाहीत. ओरडायला हवं होतं.

आता आप्पांचे फोटो लख्ख येतात. गिऱ्हाइकंही परत आली. भिंग टेबलावर उघडंच पडलेलं असतं, त्यावर कारखान्याची काजळी बसते. महिना झाला तरी आप्पा वायसर मागायला आले नाहीत, तेव्हा मीच एक घेऊन गेलो.

"बसवून देतो, आप्पा. धूळ जाईल आत."

"जाऊ द्या," आप्पा म्हणाले. "आता आत काय हाय?"