महासंघाच्या गाडीतील पापलेटांची हकीकत

श्रीगजवदनास स्मरोन, कोणाची भीड न धरिता लिहिले ऐसीजे. अठरा देशांनी मिळोन समुद्ररक्षणार्थ उभारिला जो महासंघ, त्याचे ठाणे नेरुळ मुक्कामी चौथ्या मजल्यावर होते. ठाण्याचे सुभेदार नंदकिशोर साहेब, मोठे प्रतापी, भाषणात कोणास हार न जाणारे. आणि ठाण्यात कोण काय खातो व काय लपवितो याजवर नजर ठेवावयास अंतर्गत दक्षतेच्या कामगिरीवर सरोजिनीबाई नेमिल्या होत्या. बाईंस खुर्ची होती, दारावर पाटी होती, अखत्यार मात्र नव्हता.

तो ऐसे वर्तमान जाहले की महासंघाच्या निशाणाच्या गाडीस मासळीचा वास येऊ लागला. उदबत्त्या लाविल्या, अत्तरे शिंपिली, वास हटेना. मग गाडी साहेबांच्या दिमतीस म्हणोन बाईंनी त्यांजवर संशय धरोन तक्रार मुख्यालयी रवाना केली. परंतु महासंघाचा दस्तूर ऐसा, की ज्याजवर तक्रार त्याचाच अभिप्राय प्रथम घ्यावा. साहेबांनी अभिप्राय दिल्हा की आपण शुद्ध शाकाहारी, गुन्हा गाडीवान नामाचा, आणि नामा सारसोळ्याच्या कोळीवाड्याचा, मग आणखी पुरावा तो काय पाहिजे? सर्वांस पटले. नामाची चाकरी जाणार हे ठरलेच, आणि आपल्या तक्रारीने भलताच मारला जातो हे पाहोन बाईंचा जीव तीळ तीळ तुटू लागला.

मग मुख्यालयाहून तपासनीस शुभदाबाई दाखल जाहल्या. खलबते जाहली, बिस्किटांचा फन्ना उडाला, आणि साक्षीदार तेवढे ऐन वेळी आजारी पडले. अखेर सरोजिनीबाईंनी अर्ज केला की सारसोळ्याच्या बाजारीच चलावे, गिऱ्हाईक कोण ते कोळणीस पुसावे. साहेबांस नकार देता येईना. नाकास रुमाल लावोन तेही स्वार जाहले.

बाजारी गोजराबाई कोळीण पाटी मांडोन बसली होती. तिने साहेबांस पाहोन न पाहिलेसे केले, कारण बांधलेले गिऱ्हाईक कोण तोडतो? पुसावयाचे राहिले बाजूस, शुभदाबाईंस पापलेटांचा मोह पडला, आणि गोजराबाईने पुढली चकचकीत जोडी उचलिली. साहेबांनी पाहिले, मन आवरिले. परंतु शिळे पापलेट ताज्याच्या भावात जाते, हे खऱ्या दर्द्याच्याने पाहवेल कैसे? रुमाल गळाला, बोटांनी कल्ले उघडिले, आणि साहेब गरजले, "गोजरा, हे कालचे आहेत! मागच्या टोपलीतले काढ, मला देतेस तसले!"

गोजराबाईस माल शिळा म्हटल्याचा भारी राग आला. "कालचं? आनि तुमची बुधवारची पिशवी येगली ठेवते ती कंची हाय सायेब?"

साहेबांनी गळाला रुमाल उचलोन पुन्हा नाकास लाविला. सरोजिनीबाईंस हसू आवरेना, डोळेही भरोन आले.

शुभदाबाईंनी जागीच निवाडा केला: नामा निर्दोष, साहेबांकडोन जबाब घ्यावा, आजपासोन महासंघाच्या गाडीत मासळीस मनाई. ऐसा हुकूम सुनावोन त्यांनी मागल्या टोपलीतली पापलेटे घेतली आणि पिशवी घेवोन डिकीकडे चालल्या. तो नामा आडवा जाहला. चाकरीचे भय होते, तरी हटला नाही.

"नाय मॅडम, गाडीत म्हावरं नाय चालत. तुमीच बोलल्या ना आता?"

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली. मुख्यालयाच्या तपासनीस पापलेटांसह रिक्षाने परतल्या, आणि सरोजिनीबाई निशाणाच्या गाडीतून, नामाच्या शेजारच्या सीटवर बसोन ठाण्यास गेल्या.